पासवर्ड भाऊंजवळ

हसू नका, पण बाहेर शिकून नागपूरला परतले तेव्हा मला वाटलं होतं, बारावी झालेली मुलं 'आयुष्यात काय करू' असं विचारतील. सक्करदऱ्याच्या शाळेत मार्गदर्शनाच्या पहिल्याच तासाला रोशनी उठून म्हणाली, "मॅडम, मले सिव्हिल इंजिनीअर व्हायचं आहे. प्रवेशाचा फॉर्म भरताना नेट कॅफेवाल्या भाऊनं पहिल्या पसंतीले कॉम्प्युटर टाकलं. म्हणे, पोरीनं उन्हात काहून उभं राहावं?"

"मग बदल ना. उद्यापर्यंत मुदत आहे."

"पासवर्ड त्याच्याजवळ आहे. ओटीपी बी त्याच्याच मोबाइलवर येते."

रागावायचं कोणावर तेच मला कळेना. तिला घेऊन मी महालातला कॅफे गाठला. भाऊंनी वाद न घालता सिव्हिल वर घेतलं.

मी म्हटलं, "पोरांना विचारून का भरत नाही?"

"त्याईले मालूम असतं तर माह्याकडे कायले आले असते? तुमचा फॉर्म कोनं भरला होता, मॅडम?"

"बाबांनी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुख्याध्यापकांना कळवलं की प्रवेश संपेपर्यंत माझा तास भाऊंच्या कॅफेत, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होईल.