तेक्लाच्या वाटेची कापडं

सीमा पोलीस ठाणे, पोयेनी, रुमानिया. मंगळवार, १७ एप्रिल २००७, सकाळ.

नाव आगाफिया रुस्नाक. वय एकाहत्तर. धंदा शेळ्या आणि थोडा द्राक्षमळा. आधी सामुदायिक शेतीवर दूध काढायला होते. शिक्षण चौथी. राहणार सालचेनी, मोल्दोवा, म्हणजे प्रूत नदीच्या पलीकडं.

समोर बसून, कुणाच्या दबावाशिवाय सांगते ते असं की,

मला कुणी झुडपातून पकडलेलं नाही. मी बहिणीच्या घरात तिच्या उशाशी बसले होते, तिथून आणलं. हवालदार साबीन यांनी आधी "लपून बसलेली आढळली" असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं.

मयत तेक्ला माझी सख्खी धाकटी बहीण. चव्वेचाळीस सालच्या लढाईत आम्ही पळून अलीकडं, पोयेनीत आलो होतो. परत जाताना तिला ताप होता म्हणून आईनं तिला मामीकडं ठेवली. ताप उतरला की नेणार होती. त्याच्या आत नदीवर सरहद्दीची काटेरी तार आली. पुढं ती इथलीच झाली. नदीवर धुणं धुताना पलीकडच्याशी बोलायला बंदी होती. रडायला नव्हती. म्हणून बाया गळा काढून सगळं सांगायच्या, कोण गेलं, कुणाला पोरगी झाली. तेक्लाचं लग्न मला असंच कळलं. पहाऱ्याचा शिपाई म्हणायचा, "या बयांच्या घरी रोजच कसं कोण मरतं?"

मग तार निघाली. इतकी वर्षं आम्ही पासपोर्ट दाखवून पुलावरून ये-जा केली. या जानेवारीपासून व्हिसा लागतो. का ते मला विचारू नका, तुम्हालाच माहीत.

आमच्यात बाई धडधाकट असतानाच आपल्या मातीच्या सामानाचं गाठोडं बांधून ठेवते. सदरा, मेणबत्ती, टॉवेल आणि वाटेची कापडं. मेलेल्याला वर जाताना जकातनाके लागतात. मातीला नेताना दर वळणाला एक कापड अंथरायचं, वर नाणं ठेवायचं, की एक नाका सुटला. बाईची कापडं रक्तातल्या बाईनंच अंथरायची. तेक्लाला एकच मुलगा, लेक नाही. तिचं गाठोडं माझ्याकडं होतं. म्हणायची, "आईच्या हाताखाली वाढले नाही, निदान तिनं विणलेल्या सदऱ्यात जाऊ दे. तुझ्याकडंच ठेव अक्का, माझी सून ते बघून घाबरते."

रविवारी भाच्याचा, ग्रिगुत्साचा फोन आला. मी गाठोडं घेऊन पुलावर गेले. तिथल्या शिपायाशी झालेलं बोलणं असं:

"आजी, व्हिसा?"

"बहीण वारलीय."

"वाईट झालं. पण व्हिसा राजधानीत मिळतो, वकिलातीत. जिच्याकडं जायचं तिच्या सहीचं आमंत्रण लागतं."

"तीच मेलीय बाबा. उठवू सहीला?"

"घरच्या दुसऱ्या कुणाचं चालेल. रांग मोठी आहे, पंधरा दिवस धरा."

"तुमच्याकडं मयत पंधरा दिवस ठेवतात?"

मग जकातवाला आला. गाठोड्यात दाखवण्यासारखं काही आहे का, म्हणाला. मी म्हटलं, जकातच आहे, पण तुझी नाही. तो म्हणाला, माझ्याकडं द्या, मी पोचवतो. माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, पाणी दिलं. मला खुर्ची नको होती. मी गाठोडं उचललं आणि निघाले.

सोमवारी नदी ओलांडली. कुणी आणलं असं तीनदा विचारलं. होडी होती, मी होते, पाणी होतं. याहून जास्त सांगणार नाही, उगाच शाई घालवू नका.

कायदा माहीत होता का असं विचारलं. होता. पुलावर नीट समजावला होता. कायद्याशी माझं भांडण नाही. नाका म्हटला की विचारणारच. मयताला तो लागू पडत नाही, एवढंच.

घरी आले तर सुनेनं तिला दुकानातली कापडं घातली होती. ती मी काढली. आईचा सदरा मागून उभा कापून घालावा लागला, अंग ताठलं होतं. हे लिहायची गरज नाही. लिहिलं असेल तर राहू द्या.

ठाण्याचे मोठे साहेब म्हणाले, "आजी, नियमानं तुम्हाला आत्ताच पुलापार सोडायला हवं."

"सोडा. माती झाल्यावर."

"पाच वर्षं येऊ देऊ नये अशी नोंद होईल."

"करा नोंद. चाळिसाव्या दिवसाच्या विधीसाठी मी व्हिसाच्या रांगेत उभी राहणार ती राहणारच. नाही म्हणायचं काम त्यांचं, विचारायचं माझं."

"आणि तुम्ही पळालात तर?"

"कुठं? शेळ्या तिकडं आहेत."

मी म्हटलं, पाद्रीबाबाला दुसऱ्या गावात बारसं आहे, तो थांबणार नाही. तेवढ्यात चर्चची घंटा झाली. मी उठले. साहेब म्हणाले, "साबीन, कागद घे आणि जा यांच्याबरोबर. नजरेआड होऊ देऊ नकोस."

वर लिहिलेलं हवालदार साबीन यांनी मला मातीच्या वाटेवर मोठ्यानं वाचून दाखवलं. दर वळणाला माझं कापड अंथरून होईस्तोवर ते थांबत होते. विहिरीपाशी वारा सुटला, कापड राहीना, तेव्हा कागद बगलेत धरून त्यांनी दुसरं टोक दाबून धरलं. मी सांगितलं तेच लिहिलंय, बरोबर आहे. सही शेवटच्या वळणानंतर केली. तोवर हात मोकळे नव्हते.

आगाफिया रुस्नाक