फुटबॉलच्या हारीची लाल झेंडी

हसता काय लेकहो, हे मी अजून कोणाले सांगितलं नाही. इंग्रज जाऊन सुराज येऊन दहाएक सालं झाली होती, मी दरेकसा ठेसनावर झेंडी दाखवत होतो. तिकडं युरोपात देशोदेशीच्या क्लबांची फुटबॉलची स्पर्धा चालू होती. आमच्या मालगाडीचा गार्डसाहेब त्यातल्या एका इंग्रजी क्लबासाठी येडा. म्हणे, "मास्तर के रेडियो पे सुन. गाडी रुकेगी नहीं, इशारा कर देना."

क्लब हारला. मी लाल झेंडी दाखवली.

डायवरनं गाडी चढावावरच थांबवली, मंग ती काही केल्या हालेना. साहेब धावत आला. "क्या हुआ?"

"साहेब, तुमचा क्लब हारला."

त्यानं कपाळावर हात मारला. "चुप! नौकरी जाएगी तेरी."

चौकशीत मी सांगितलं, रुळावर गाय होती. "कोणाची?" तोंडात आलं ते नाव घेतलं, फाटकाजवळच्या सुखरामचं. त्याची गाय कोंडवाड्यात गेली.

सुखराम घरी आला. "भाऊ, माही गाय त दाव्याले बांधून होती. घरी वासरू हंबरून राहिलं. तू सोताच्या डोळ्यानं पाहिली काय?"

"पाहिली," म्हटलं.

"मंग सुटली असन. माहीच चूक," म्हणाला, अन् मले हात जोडून गेला.