चांदी म्हशीची धार

(कडेगावजवळच्या वस्तीवरचा गोठा. मिरजेहून नुकताच परतलेला पैलवान जयराज, आणि तालमीसाठी लहानपणापासून त्याला घरी ठेवून घेणारी त्याची आत्या, बनुबाई.)

बनुबाई : चांदीचं नाव घेतलंस तर जेवाय घालणार न्हाई. आधीच सांगून ठेवते.

जयराज : आत्ती, मी कुठं म्हशीवर आळ घेतोय? मिरजंच्या डॉक्टरीणबाईंनी इचारलं, दूध कसं पितोस. म्या छाती काढून सांगितलं, धारोष्ण. कासंखाली तांब्या धरायचा आन् फेसासकट तोंडाला लावायचा.

बनुबाई : मग? वस्तादांचा हुकूमच हाय तसा. तापवलेलं दूध पिऊन कुणी मैदान मारलंय का?

जयराज : मीबी हेच म्हणलो. त्या हसल्या न्हाईत. रक्त काढा म्हणल्या.

बनुबाई : परत? गावातल्या डॉक्टरनं काढलंच की. टायफॉइड म्हणला, मूठ-मूठ गोळ्या चारल्या.

जयराज : आन् ताप गेला का? दिवसा गायब, दिवस कलला की हजर. कंबर अशी धरती, की लंगोट कसताना डोळ्यांत पाणी येतं. परवा सिद्धूनं मला चितपट केलं, आत्ती. सिद्धूनं. तो तालमीत झाडू मारायच्या लायकीचा गडी.

बनुबाई : मग रक्तात काय दिसलं त्या बाईला?

जयराज : लय झ्याक समजावून सांगितलं त्यांनी. अंगात जंतू शिरला, की रक्त त्याच्या जोडीचा पैलवान तयार करतं. हरेक जंतूला येगळा. अँटीबॉडी म्हणत्यात त्याला. जंतू लपून बसतो, लवकर घावत न्हाई. पर त्याच्यावर उठलेला पैलवान रक्तात उभा दिसतो.

बनुबाई : म्हंजे चोर बघितलाच न्हाई. कुत्रं कुणावर भुकतंय, तेवढं बघितलं.

जयराज : आगदी तसंच.

बनुबाई : आन् कुत्रं पाव्हण्यावरच भुकलं तर?

जयराज : म्हणून तर त्या नुसत्या रक्तावर जात न्हाईत. जंतू गेला तरी पैलवान मागं राहतो. माझा टायफॉइड तसलाच, शाळंतल्या आजारपणाचा असंल म्हणल्या. शेजारच्या आकारामतात्यांच्या पिंकीचं आठीव की. दाण्याच्या कुटानं व्हट सुजायचे, म्हणून तिचंबी असंच रक्त बघितलं. ते शेंगदाण्यावर उठलं, आन् गव्हावरबी उठलं.

बनुबाई : गव्हावर? ती तर एका बैठकीला चार चपात्या खाती.

जयराज : तेच तात्यांनी सांगितलं. मग चपाती चालू द्या, शेंगदाणा बंद, असं ठरलं. वावडं कशाचं ते अर्धं रक्त सांगतं, अर्धं माणसानं सांगायचं. मलाबी तसंच खोदून इचारलं. गोठ्यात काय करतोस, कुठल्या जनावराला हात लावतोस.

बनुबाई : तू काय सांगितलंस?

जयराज : चांदी गाभडली तवाचं. मेलेलं रेडकू आपण दोघांनी ओढून काढलं ते. रेडकामागनं पडलेली वार उचलून पुरली ती.

बनुबाई : गाभडली ती दृष्टीनं. त्या दिवशी हंबीररावाची बायको दारात उभी राहून म्हणाली, काय कास हाय म्हशीची. आन् रातीतनं...

जयराज : ब्रुसेला, आत्ती. जनावरातला जंतू. म्हशीला गाभडवतो, माणसाला असला येतो-जातो ताप देतो. वारंतनं चढतो, कच्च्या दुधातनं चढतो. माझ्या रक्तात त्याच्यावरचे पैलवान लय घावले.

बनुबाई : तांब्या तर मीच भरून देत हुते रं.

जयराज : आन् वर वव्या गात हुतीस.

चांदी म्हशीची गं धार, वर फेसाचा गं थर
बाळ जयराज माजा, पेलू दे गं डोंगर

डोंगर ऱ्हायला, सध्या बादली पेलत न्हाई.

बनुबाई : हसतोस काय मुडद्या. बरा व्हशील न्हवं?

जयराज : व्हणार की. दीड महिना गोळ्या, एकबी चुकवायची न्हाई. जत्रंचं मैदान औंदा कडंला बसून बघायचं. ते जाऊ दे. त्यांनी शेवटी इचारलं, घरात अजून कुणाला ताप येतो का.

बनुबाई : न्हाई म्हणलास न्हवं?

जयराज : सांजच्याला शाल पांघरून कोण बसतं?

बनुबाई : वय झालं माझं.

जयराज : वयानं रातच्याला घाम फुटत न्हाई. लुगडं बदलतीस ते मी बघितलंय.

बनुबाई : मी रक्त देणार न्हाई. माझ्यातबी घावलं, तर सगळे मिळून तिला दावणीवरनं सोडवून नेतील. माझं मालक गेल्यापास्नं ह्या घरात माझ्या हाकंला वळून बघणारी ती एकलीच हाय.

जयराज : मी जनावराच्या डॉक्टरला फोन लावला हुता. प्रबुद्धदादाला. त्यानं लपवलं न्हाई, मीबी लपवत न्हाई. आधी तिचंबी रक्त बघणार. तिच्यात निघालं, तर जनावर त्यातनं बरं होत न्हाई म्हणला. पर मारून-मुटकून न्यायला कुणी येत न्हाई. येगळी बांधायची, परत गाभण करायची न्हाई, तिचं दूध कुणाला इकायचं न्हाई. आपण प्यायचं ते उकळून. आन् धार काढताना हातमोजे.

बनुबाई : हातमोजे? लाथ घालंल ती.

जयराज : पहिल्यांदा घालंल.

बनुबाई : म्हंजे ऱ्हाईल इथंच.

जयराज : तू बरी ऱ्हाईलीस तर. तू अंथरूण धरलंस तर तिला कोण बघायचं? मी जवळ गेलो की शिंगं उगारती.

बनुबाई : तू हातच तसला लावतोस, कुस्ती धरल्यावानी. कवा जायचं मिरजंला?

जयराज : उद्या, पहिल्या एसटीनं.

बनुबाई : कुठल्या हातातनं काढत्यात?

जयराज : देशील त्या.

बनुबाई : डावा देते. उजव्यानं थोपटल्याबिगर ती पान्हा सोडत न्हाई.