बिननंबरी बॅरेक

हॅलो?… हां चैत्राली, बोल… अगं मीच, आई. कुकर लावलाय, म्हणून ऐकू येत नसेल. थांब, बंद करते… बोल आता.

बाबा? ते तुझ्याकडेच निघालेत ना. रविवार आहे. पहाटे साडेपाचलाच गेले, म्हणाले नातवाला बघून येतो… पोचले नाहीत अजून? सात वाजले की गं.

काय म्हणालीस? परत सांग… दर रविवारी येत नाहीत म्हणजे? गेल्या दोन महिन्यांत एकदाही नाही?… मग मला काय सांगतात, चैत्रालीने उपमा केला होता, चैत्रालीने चहात साखर घातली नाही…

कोणाचा फोन आला तुला?… हळू. रडू नकोस, आधी नीट सांग… चंदर म्हणून कोणी अनोळखी माणूस. बरं. हिंदीत बोलतोय… बाबांच्या खिशात तुझ्या नंबरची चिठ्ठी मिळाली… खाली बसलेत, घाम सुटलाय, छातीवर हात… अगं देवा.

नाही, मी ठीक आहे. बसलेय खुर्चीवर. तू सांग, कुठे आहेत?… बॅरेक? कुठली बॅरेक?… मग नंबर विचार ना त्याला… विचारलास? काय म्हणतो, नंबर नहीं है, बॅरेक है? असं कसं? उल्हासनगरात त्या जुन्या लष्करी बॅरेकींचा नंबर म्हणजेच पत्ता, बिननंबरी बॅरेक असते का कुठे?

तू कुठे आहेस आत्ता?… कॅम्प दोनला? स्कूटरवर? आणि दुकानदारांना विचारत फिरतेस?… हो, हो, कळतंय मला. पण किती बॅरेकी बघशील तू अशा… सोहमराव कुठे आहेत?… मोरिवलीला, कंपनीत शिफ्टला. म्हणजे तेही नाहीत.

अगं ऐक ना. मार्चमध्ये दोन स्टेंट टाकलेत त्यांना. जास्त वेळ नाहीये आपल्याकडे. तू एका जागी उभी राहा. मी त्यांचा ड्रॉवर बघते, कोणाचा पत्ता वगैरे… फोन ठेवू नकोस.

…चष्मा, पेन्शनची फाइल… ही कसली वही? त्यांचंच अक्षर आहे. चैत्राली, आहेस ना?… ऐक, वाचते. ‘चिखलोली धरण. बांधाच्या बाजूने धावलो, तीन किलोमीटर. पाणी अगदी स्थिर.’… धावलो लिहिलंय गं. धावलो. डॉक्टरांनी सध्या नुसतं चालायला सांगितलंय… ‘जीआयपी टँक. तळ्याकाठचे बगळे मोजले, अकरा.’… ‘कोंडेश्वरचा रस्ता. चढाला दम लागला, थांबलो. सुनंदाला सांगायचं नाही.’

नाही, नाही रडत… रागच आलाय मला. मागे डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू सगळं करू द्या त्यांना. तुझ्याकडे यायचं तेवढं सोडून मी दूध आणायलासुद्धा खाली जाऊ दिलं नाही. जिना उतरायचा तर मला विचारून. आंघोळीला कडी लावायची नाही. मीच खोटं बोलायला लावलं त्यांना… असू दे, तू माझी समजूत घालू नकोस आत्ता.

आजची तारीख आहे इथे. कालच लिहून ठेवलेली दिसतेय. ‘रविवार. पाच किलोमीटर. बॅरेज.’

…चैत्राली. तो माणूस बॅरेक नाही म्हणत. बॅरेज म्हणतोय. बदलापूरचं बॅरेज, उल्हास नदीवरचा तो बंधारा… अगं लहानपणी गेलीयेस तू तिथे. नऊ वर्षं उल्हासनगरात कॅम्प एकला राहून तुझ्या कानात बॅरेकच बसलीये, दुसरं काय… चुकलं तर चुकलं, आता त्यात वेळ घालवू नकोस. त्या चंदरला जोड या फोनवर. कॉन्फरन्स का काय ते कर.

…थांब, शेजारच्या जितेशला हाक मारते. जितेश, अरे जितेश, तुझी रिक्षा काढ खालून. बदलापूर… नंतर सांगते, आधी काढ.

हॅलो? भैया, चंदरभैया? मैं उनकी मिसेस बोल रही हूँ… हां हां, वो जो बैठे हैं. वहाँ नदी दिखती है क्या?… बदलापूर ना?… ऐकलंस ना चैत्राली, नदी आहे समोर. निघ तू तिकडे… भैया, उनके कमर में छोटा पाऊच है. उसमें लाल डिब्बी. एक गोली जीभ के नीचे रखो. निगलने का नहीं… रखी?… होश में हैं ना?… ॲम्ब्युलन्स को फोन किया?… कधीच केलाय म्हणतो, बघ. भगवान आपका भला करे.

फोन उनके कान को लगाओ जरा.

…अहो. मी आहे. बोलू नका, नुसतं ऐका… नाही, ओरडत नाहीये. वही वाचली मी. नाही, खरंच रागावले नाही… श्वास घ्या सावकाश… दुखतंय ते खांद्यापर्यंत जातंय का?… आधीपेक्षा कमी आहे? खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून नको… हां.

भैया, क्या हुआ, ये कैसी आवाज?… आली. चैत्राली, ॲम्ब्युलन्स आली गं.

क्या?… क्यों नहीं बैठ रहे? उठने में दर्द हो रहा है क्या?… क्या पूछ रहे हैं?… किसको पूछके?

…दो उनको फोन. अहो, काय हे. गाडीत बसायला माझी परवानगी कशाला लागते तुम्हाला?… बसा. बसा म्हणतेय ना… हो. हो, विचारलंत, मी हो म्हटलं. जा त्यांच्याबरोबर, मी मागून येतेच… अहो?

हॅलो?… हॅलो?… चैत्राली, कट झाला का गं? त्यांनी ऐकलं ना, मी हो म्हटलेलं?