एका ओळीचं काम

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय अरुंधतीताई, मंचावर माझ्या शेजारी बसलेले प्राचार्य श्रीकृष्णजी, ज्यांच्या सत्कारासाठी आपण सगळे सकाळी सकाळी इथे जमलो आहोत त्या आमच्या प्रभावतीबाई, आणि नंदानगरातून, महूहून, कुठून कुठून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मंत्री असताना पाच मिनिटं सांगून पाऊण तास बोलायचो आणि कुणी चिठ्ठी पाठवायचं नाही. आता माजी झालो, तर बाहेर पोहे थंड होतायत हे सूत्रसंचालन करणाऱ्या अनुश्रीताई मला डोळ्यांनी सांगतायत. बरोबरच आहे म्हणा. इंदूरच्या माणसाला भाषण थंड चालेल, पोहे नाही.

अनुश्रीताईंनी आत्ता मानपत्र वाचलं. बाईंचं वाचलं ते अक्षर न् अक्षर खरं. पण त्यात मधेच माझ्याबद्दल एक वाक्य आलं. ‘आपल्या कॉलेजला वाचवण्यासाठी तत्कालीन मंत्री आणि आपलेच माजी विद्यार्थी श्रीपादजी यांनी शर्थ केली.’ तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी मान खाली घातली, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, काय विनयी माणूस आहे. त्याबद्दलच बोलायचं आहे. पोह्यांना थोडं थांबू द्या.

नव्या मंडळींसाठी सांगतो. मिलच्या मागच्या गल्लीत आमचं श्रमिक कॉलेज भरायचं, सकाळी साडेसातला. सातचा भोंगा झाला की रातपाळीची माणसं मिलमधून सरळ वर्गात. केसांत कापूस, डोळ्यांत झोप. मी मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होतो, मीही त्याच बाकावर. बाई अर्थशास्त्र शिकवायच्या. बाईंचे वडील महूच्या पलटणीतले, त्यामुळे शिस्त घरची. पण छडी नाही, ओरडणं नाही. बाई वह्या तपासायच्याच नाहीत. पद्धत एकच. ज्याचं काम झालं नाही, त्यानं आपण होऊन उभं राहायचं. नाव पुकारणार नाहीत. नुसत्या थांबायच्या. मग एकेक जण उठायचा. बाई म्हणायच्या, “बस. उद्या करून आण.” झालं. खोटं बोलून बसून राहणं आम्हाला जमायचं नाही. निदान तेव्हा जमायचं नाही.

पुढे मी युनियनमध्ये गेलो, युनियनमधून निवडणुकीत, आणि नशिबानं म्हणा, विश्वविद्यालयं आणि कॉलेजं माझ्या खात्यात आली. मिलच्या कारकुनाच्या हातात कुलगुरूंच्या फायली! आई खजराण्याच्या गणपतीला चालत गेली होती.

आणि त्याच काळात मिलला कुलूप लागलं.

आता नियम असा होता की श्रमिक कॉलेजात नाव घालायचं तर दर वर्षी मिलचा दाखला हवा. मिलच बंद, दाखला देणार कोण? बाईंच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात एक्केचाळीस जण. रोज येत होते. भोंगा बंद झाला तरी साडेसातला येत होते. पण कागदावर एकही श्रमिक नाही. परीक्षेचे फॉर्म एकतीस डिसेंबरपर्यंत भरायचे. बाईंनी फाईल पाठवली. मागणी काय? ‘बंद मिलच्या कामगारांचा मागच्या वर्षीचा दाखला चालेल’, एवढी एक ओळ मंत्र्यानं लिहायची आणि खाली सही करायची. एका ओळीचं काम.

ती फाईल माझ्या टेबलावर छत्तीस दिवस पडून होती.

का? मी पैसे खाल्ले नाहीत, कुणाचा दबाव नव्हता. मी घाबरलो होतो. भोपाळात कुजबुज होती की हा मराठी मंत्री आपल्याच लोकांचं बघतो, इंदूरचंच बघतो. मग मी ठरवलं, आपल्या माणसांची फाईल सगळ्यात शेवटी. मराठी आडनाव दिसलं की फाईल खाली. इंदूर दिसलं की आणखी खाली. आणि याला मी सचोटी म्हणत होतो. पीए दोनदा म्हणाला, “साहब, एक लाइन की बात है.” मी म्हणालो, “पहले बाकी जिले.” बाई भोपाळला आल्या, बंगल्यावर तीन दिवस बाकावर बसल्या. मी मागच्या दारानं गेलो.

एकतीस तारखेला मी इंदुरातच होतो, राऊ रोडला. खासगी मॅनेजमेंट कॉलेजचं उद्घाटन होतं. त्या दिवसांत अशी कॉलेजं उघडत होती आणि मी फिती कापत होतो. देश खुला होतोय, नवं शिक्षण येतंय, वगैरे मी जोरात बोललो. खाली उतरलो, तर गाडीपाशी बाई उभ्या. हातात वर्गाची हजेरी. म्हणाल्या, “अरे श्रीपाद, आज शेवटचा दिवस रे.”

भोवती कलेक्टर, पत्रकार, कॉलेजचे मालक. आणि मी, ज्याला या बाईंनी मराठीत अर्थशास्त्र शिकवलं, मी त्यांना हिंदीत म्हणालो, “बहनजी, आप प्रक्रिया से आइए.” ओळख नसल्यासारखा. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग त्याही हिंदीत म्हणाल्या, “जी, मंत्रीजी,” आणि बाजूला झाल्या. माझी अब्रू राहावी म्हणून. गाडीची काच मी स्वतः वर केली.

ती ओळ मी नऊ जानेवारीला लिहिली. सुंदर अक्षरात. तिचा काय उपयोग? एक्केचाळीस जणांचं वर्ष गेलं, आणि विद्यार्थी नाहीत म्हणून पुढे कॉलेजही गेलं. बाईंनी आपल्या घराच्या गच्चीवर वर्ग घेतला आणि पुढच्या वर्षी तेवीस जणांना परीक्षेला प्रायव्हेट बसवलं. अठरा आलेच नाहीत. पोटापाण्याला पांगले होते.

त्या अठरांतला एक रत्नपाल. तिसऱ्या रांगेत बसलाय, बघा, खाली बघतोय. वर्गात पहिला यायचा. आज टेम्पो चालवतो. हाच मला निमंत्रण द्यायला घरी आला. मी विचारलं, “भिया, मला कशाला बोलावता?” तर म्हणाला, “साहेब, तुम्ही आमच्यासाठी किती झगडलात. बाईंनी सांगितलंय आम्हाला. वरून झालं नाही, त्याला तुम्ही काय करणार?”

आठ वर्षं बाई हे सांगत आल्या. आयुष्यात खोटं न बोललेली बाई माझ्यासाठी आठ वर्षं खोटं बोलली. रत्नपालला मी त्या दिवशी चहा पाजला आणि गप्प बसलो. त्याची मला फाईलपेक्षा जास्त लाज वाटते.

रत्नपाल, वर कुणीच नव्हतं रे. वर मीच होतो.

बाई, मानेनं नाही म्हणू नका. आज सांगितलं नाही, तर तुमच्या सांगण्यापाठोपाठ मानपत्रातलं ते वाक्यही कायमचं खरं होऊन बसेल. ते मानपत्रातून काढा, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे. मघाशी मला पांघरलेली ही शालही मी घेऊन जाणार नाही.

अरुंधतीताई, संयोजक, तुम्ही मला बोलावलंत, ऐकून घेतलंत, मी आपला मनापासून आभारी आहे. शेवटी, बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून बसायची रीत आहे. पण माझं उणं बोलण्यातलं नाही, आणि माफ करायचं की नाही हे त्या अठरा जणांनी ठरवायचं आहे. बाईंनी त्यांच्या वतीनं आधीच करून टाकू नये.

बाई, तुम्ही नाव पुकारलं नाहीत. आठ वर्षं नुसत्या थांबलात. माझं काम झालं नव्हतं, आणि आता ते उद्या करूनही आणता येणार नाही.

बाई, मी उभा आहे.