तरवडाचा माळ

गाडी लेट होती. बदनापूर स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसलेल्या शीतलच्या मागच्या बाकड्यावर भालचंद्रराव आपल्या गावच्या रामरावांना इंग्लंडातल्या गोल्फच्या मैदानाचं कौतुक सांगत होते.

"शंभर वर्षांचा माळ आहे हो! रेताड जमीन, काटेरी झुडपं, पिवळी फुलं. आमच्या मुलानं, पार्थनं, मला रोज खेळायला नेलं."

"मंग झुडपं काढीत न्हाईत?"

"छे! चेंडू आत गेला, तर आपणच ओरबाडून घ्यायचं. माळ माळासारखाच राहावा म्हणून माणसं ठेवलीत."

"बराबर तुमच्या तरवडाच्या माळासारखं."

"तो? काल जेसीबी लावून सगळा साफ केला."

"आन् ते काहून?"

"रामराव, इथं गोल्फ खेळायला मैदान नको का?"