मर्लसारखीच रायफल

ओडेल : बरं, नळी ठरली. तीस इंची. तुझ्या पिकअपच्या दारात अडकेल, पण ते तुझं तू बघ. आता दस्ता. लाकडाचा की फायबरचा?

हार्लन : मर्लचा कसला आहे?

ओडेल : परत मर्ल! अरे हार्लन, नळी विचारली तर मर्लची, चाप विचारला तर मर्लचा. तुझ्या स्वतःच्या खांद्याला काय हवंय ते सांग की.

हार्लन : त्याची रायफल तूच जुळवलीस ना? मग मला तश्शीच जुळवून दे. एक स्क्रूसुद्धा वेगळा नको.

ओडेल : मर्लचा दस्ता फायबरचा आहे. करडा.

हार्लन : मग करडा. आणि आटप लवकर. आयलीन समोर चाऱ्याच्या दुकानात गेलीय. ती यायच्या आत सगळं ठरायला हवं.

ओडेल : का रे, बायकोपासून लपवून?

हार्लन : लपवून कसलं! लेबर डेच्या नेमबाजी स्पर्धेत तिला एकदमच दिसू दे. डोळेच दिपले पाहिजेत.

ओडेल : तुझ्या जुन्या रायफलीला काय झालंय? एल्कसारखी मोठी हरणं पाडलीत तिनं. हजार यार्डांवर चषक आणलाय.

हार्लन : तेव्हा शेजारी आयलीन असायची रे. पोटावर पडून, दुर्बिणीला डोळा लावून मला वारा किती, कुठून ते सांगायची. आता मर्लच्या शेजारी पडते आणि त्याला सांगते. अख्ख्या मोंटानाच्या देखत! जिवाची नुसती आग होते माझ्या.

ओडेल : बिचाऱ्याची बायको गेली. वारा सांगायला दुसरं कोण आहे त्याला?

हार्लन : कसला बिचारा! दर शनिवारी सरावाला माझ्या बायकोसाठी थर्मासमधून कॉफी आणतो. दालचिनी घालून! तिला दालचिनी आवडते हे इतक्या वर्षांत मला माहीतसुद्धा नव्हतं.

ओडेल : मग घरी दालचिनी आण. रायफल कशाला?

हार्लन : थट्टा नको. तिला नेमबाजीतलं कळतं. असं हत्यार दिसलं की कुणीही भुलेल. तस्संच माझ्या हातात आलं की येईल परत.

ओडेल : बरं बाबा. दुर्बीण?

हार्लन : मर्लची आहे तीच.

ओडेल : बोल्ट?

हार्लन : तोच! किती वेळा सांगू?

ओडेल : नक्की तोच?

हार्लन : कानात बोळे घातलेत का तू?

ओडेल : हार्लन, मर्ल डावखुरा आहे.

हार्लन : काय?

ओडेल : त्याचा गोळी भरायचा बोल्ट डावीकडे आहे. गाल टेकायचा उंचवटाही उलट्या बाजूला. ती रायफल तू खांद्याला लावलीस तर प्रत्येक गोळीला नाकासमोरून हात फिरवावा लागेल. दर शनिवारी त्याच्याकडे टक लावून बसतोस, आणि एवढं दिसलं नाही?

हार्लन : त्याच्याकडे कुठे बघतो मी? त्याच्या शेजारी बघतो.

(दारावरची घंटा वाजते. आयलीन आत येते.)

आयलीन : इथे दडलायस होय! काय रे ओडेल, याचे कान का लाल झालेत?

ओडेल : नवी रायफल करतोय. मर्लसारखी.

हार्लन : ओडेल!

आयलीन : मर्लसारखी? डावखुरी?

हार्लन : हसा, दोघं मिळून हसा! आता तोंडावरच विचारतो. असं काय आहे गं त्याच्यात?

आयलीन : काही नाही. मी थांब म्हटलं की तो थांबतो.

हार्लन : आणि मी?

आयलीन : तू? तू म्हणायचास, ‘नक्की का?’ आणि आपल्याच मनानं चाप ओढायचास. गेल्या वर्षी शेवटच्या गोळीला मी कळवळून सांगितलं, थांब, वारा फिरलाय. तू झाडलीस. गोळी गेली फळीबाहेर. मग सगळ्यांसमोर काय म्हणालास?

हार्लन : रागाच्या भरात बोललो गं.

आयलीन : ‘आयलीनला हल्ली दिसत नाही.’ लोक हसले. मीही हसले. आणि घरी आल्यावर गोठ्यात जाऊन रडले.

हार्लन : मला बोलली नाहीस कधी.

आयलीन : तू विचारलंस कधी?

हार्लन : बरं, चुकलं माझं. ओडेलसमोर सांगतो, चुकलं. पण त्याला सोड. लेबर डेला माझ्या शेजारी ये.

आयलीन : मर्लला शब्द दिलाय मी.

हार्लन : आणि मला चर्चमध्ये दिला होतास तो?

आयलीन : त्यात वाऱ्याचं काही नव्हतं.

ओडेल : मी जरा मागे जाऊन येऊ का?

आयलीन : थांब तू. साक्षीदार हवाच.

हार्लन : मग लेबर डे झाल्यावर? आपली जुनीच रायफल. तू म्हणशील तसं करीन. शपथ!

आयलीन : असं? तो बघ, पेट्रोल पंपावरचा झेंडा. वारा किती असेल?

हार्लन : दहा मैल... नाही, नाही. तूच सांग.

आयलीन : सहा.

हार्लन : बरं. सहा तर सहा.

आयलीन : बघ, जमतंय की.

हार्लन : मर्ललाही सहाच सांगितलं असतंस ना?

आयलीन : मर्लनं विचारलं नसतं.